वाढत्या अंगाचं माप

माझी नणंद टेप न लावता माप सांगायची. दुकानासमोरून एखादी बाई गेली की वन्सं मशीनवरची मान अर्धवट वर करून म्हणायच्या, "हिचा उजवा खांदा अर्धा इंच खाली आहे. रेडिमेड घालते, म्हणून अजून पत्ता नाही बिचारीला." मी म्हणायचे, "वन्सं, लोकांचे खांदे मोजून तुम्हाला काय मिळतं हो?" तर म्हणायच्या, "तुला नाही कळायचं बयो, तू आपली बटणं लाव." मग मी बटणं लावायचे. तीस वर्षं लावली. मला मशीन कधी धड चालवता आलं नाही; काज, बटणं, कापडाच्या कडांचं हेम आणि मापाची वही, एवढं माझं राज्य.

दुकान म्हणजे आमच्याच घराची पुढची खोली. दोन मशीनं, एक कापायचं टेबल, भिंतीला एक उभा आरसा. आरशाच्या खालच्या कोपऱ्याला तडा होता, त्यावर वन्संनी चिकटपट्टी लावलेली. तो आरसा फक्त गिऱ्हाइकांसाठी. वन्सं स्वतः त्यात कधी बघायच्या नाहीत. वेणी घालायच्या त्यासुद्धा भिंतीकडे तोंड करून.

त्यांच्या कामाच्या दोन सवयी सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. एक, शाळेच्या मुलींचं काही शिवायचं असलं की शिवणीच्या आत दोन्ही बाजूंनी दोन-दोन बोटं कापड जादा सोडायचं. "वाढतं अंग आहे. वर्षभरात उसवून मोठं करता आलं पाहिजे. आयांना दरवर्षी नवं कुठून परवडणार?" दुसरी, माप घेताना आकडा मोठ्यानं ओरडायचा. त्या टेप लावणार, मी लांब बसून वहीत लिहिणार. मशीनच्या खडखडाटात हळू बोललेलं ऐकू येत नाही, तेव्हा ओरडायची सवय लागली ती लागलीच. अख्ख्या गल्लीला कोणाची कंबर किती ते आमच्या दुकानातून कळायचं. बायका हसायच्या, "अहो हळू बोला, माझ्या नवऱ्यालापण माहीत नाही!" आणि वन्सं त्याहून मोठ्यानं हसायच्या.

वन्संचं लग्न आठ महिने टिकलं होतं. ऐन विशीतली गोष्ट. सासरच्यांनी एक दिवस त्यांना मशीनसकट आणून सोडलं. कारण काय, तर पोरीच्या अंगावर मांस नाही, काठी आहे नुसती, हिला मूल काय होणार. हे वन्संनी मला एकदाच सांगितलं, तेही हातातला दोरा दातानं तोडता तोडता. "डॉक्टरला नाही विचारलं कोणी," म्हणाल्या, "सासूनं नजरेनं माप घेतलं माझं." त्यानंतर त्यांनी दुसरं लग्न केलं नाही. माझा नवरा म्हणजे त्यांचा धाकटा भाऊ. तो मालाचा ट्रक चालवतो, महिन्यातले वीस दिवस बाहेर. घरात आम्ही दोघीच, मग आमची लेक झाली आणि आम्ही तिघी झालो.

लेक जन्मली ती गुटगुटीत. वन्संनी तिला हातात घेतली आणि म्हणाल्या, "गोटी आहे गं ही नुसती! बघ, मनगटाला कशा वळ्या पडल्यात." तेच नाव पडलं. वन्संना तिच्या प्रत्येक वळीचं कौतुक. इतरांच्या पोरी वाढल्या की त्या म्हणायच्या, "उंच झाली." आमची वाढली की म्हणायच्या, "भरली." ही भरलेली पोर म्हणजे त्यांना त्या जुन्या घराच्या तोंडावर मारलेली चपराक वाटत असावी. हे मला आत्ता सुचतंय. तेव्हा मी वैतागायचे, "वन्सं, तिला सारखं भरवू नका हो!" त्या पदर सावरत म्हणायच्या, "दृष्ट लावू नकोस माझ्या पोरीला."

गोटी तेरा वर्षांची झाली तेव्हा त्यांनी तिला गडद हिरवा फ्रॉक शिवला. गळ्याला पांढरी पट्टी, कमरेला बारीक चुण्या. असा फ्रॉक आमच्या दुकानातून परत कधी गेला नाही. पोर आरशासमोर गोल फिरली, आत्याच्या गळ्यात पडली. तो दिवस मी डोळ्यांत साठवून ठेवलाय.

त्याच वर्षी शाळेच्या गणवेशांचं काम आम्हाला मिळालं. सव्वाशे मुली. शाळेच्या व्यायामाच्या हॉलमध्ये रांग लावली, वन्सं टेप गळ्यात टाकून उभ्या, मी टेबलावर वही उघडून बसलेली. रांग सरकत होती, वन्सं ओरडत होत्या, मी लिहीत होते. सगळं नेहमीचं.

गोटीचा नंबर आला. मागे तिच्या वर्गातल्या तीस-बत्तीस पोरी. वन्संनी टेप लावला आणि कंबरेचा आकडा ओरडल्या. तो आकडा मी इथे लिहिणार नाही. आमच्या घरात तो कोणी उच्चारत नाही. वन्सं तेवढ्यावर थांबल्या असत्या तरी निभावलं असतं. पण आपली पोर समोर, अंगात आनंद भरलेला, त्या हसत म्हणाल्या, "लिही बयो, बाकीच्यांना एक मीटर, हिला दीड मीटर! घरचंच गिऱ्हाईक आहे, कापडाची काळजी नको!"

पोरी हसल्या. आणि मी, तिची आई, मीसुद्धा हसले. हसत हसत वहीत 'दीड' लिहिलं.

गोटी हसली नाही. तिनं दोन्ही हात पोटावर घट्ट धरले आणि भिंतीशी जाऊन उभी राहिली. दुसऱ्या दिवसापासून शाळेत तिचं नाव पडलं 'दीड मीटर'. हे आम्हाला कळलं ते आठ महिन्यांनी, तेही डॉक्टरांकडून. पोरगी घरी एक अक्षर बोलली नव्हती.

घरी दिसलं ते एवढंच, की ती डबा परत आणायला लागली. कधी म्हणे पोट दुखतं, कधी म्हणे मैत्रिणीनं खाऊ घातलं. मी फटकळ बाई. मी म्हणायचे, "नाटकं करू नकोस, गप गिळ." लाडीगोडी मला कधी जमली नाही. ती ताटातलं इकडचं तिकडे करायची आणि मी भांडी घासायला उठले की ताट रिकामं. मला वाटायचं, जेवली. जेवत नव्हती. पण ते पुढे कळलं.

वन्संना मात्र वेगळंच दिसत होतं. दर रविवारी सकाळी दुकान बंद असायचं, तेव्हा गोटी तो हिरवा फ्रॉक घालून आरशासमोर उभी राहायची. कंबरेपाशी कापड चिमटीत धरून बघायची, किती येतंय. चिमटीत काही आलं नाही, की तिचा चेहरा पडायचा. वन्संनी एकदा विचारलं, "काय बघतेस गं राजा?" तर म्हणाली, "आत्या, हा सैल झाला ना, की मी पोटभर जेवणार. देवाशपथ."

आता शिवणारी बाई यावर काय करील? दुसऱ्या कोणी तिला बसवून समजावलं असतं, कोणी डॉक्टरकडे नेलं असतं, कोणी दोन थोबाडीत दिल्या असत्या. माझ्या नणंदेला एकच गोष्ट येत होती. त्यांनी विचार केला, फ्रॉक सैल व्हायला हवाय ना, मग करू की. पोरीचा जीव शांत होईल, ती जेवायला लागेल. शुक्रवारी दुपारी, गोटी शाळेत आणि मी गिऱ्हाइकांचे कपडे पोचवायला गेलेली, तेव्हा त्यांनी फ्रॉकची बगलेखालची शिवण दोन्हीकडून अर्ध-अर्ध बोट उसवली, पुन्हा घातली, इस्त्री केली आणि कपाटात ठेवून दिला. स्वतःच्या भावजयीला, म्हणजे मला, एका शब्दानं सांगितलं नाही.

रविवारी गोटीच्या चिमटीत कापड आलं. पोरगी नाचली. त्या दिवशी ती खरंच जेवली. वन्सं मला म्हणाल्या, "बघ, कशी जेवतेय!" त्यांच्या चेहऱ्यावर असा आनंद होता की मलाच राग आला. मी म्हटलं, "जेवली तर काय उपकार केले का?"

सोमवारपासून डबा पुन्हा परत.

त्यानंतरच्या शुक्रवारी आणखी अर्धं बोट. मग आणखी अर्धं. वन्संना वाटत होतं, आता तिचं समाधान होईल. आणि तिकडे गोटी मनाशी धरून बसली होती, की उपाशी राहिलं की फ्रॉक सैल होतो, आता नेट लावलाच पाहिजे. दोघीजणी एकमेकींच्या जिवासाठी झटत होत्या आणि एकमेकींना खड्ड्यात ढकलत होत्या. मी मधल्या खोलीत बसून बटणं लावत होते.

चौथ्या शुक्रवारी आतलं जादा कापड संपलं. शिवण अगदी काठावर आली, पुढे सोडायला काही उरलं नाही. पुढच्या शुक्रवारी वन्संनी फ्रॉक तसाच ठेवून दिला.

आणि रविवारी तो आणखी सैल निघाला.

त्यापुढच्या रविवारी त्याहून सैल. खांदे उतरायला लागले, गळ्याची पांढरी पट्टी हाडावर लोंबायला लागली. हे सैल होणं वन्संचं नव्हतं. टेप न लावता माप सांगणारी बाई ती, तिला एका नजरेत कळलं असणार. पण आता सांगायचं काय आणि कुणाला? सांगितलं तर आधीचंही सांगावं लागणार. आणि पोरगी आरशासमोरून वळून त्यांच्या गळ्यात पडत होती, "आत्या, बघ ना, बघ ना!" वन्सं तीन आठवडे गप्प बसल्या. मी त्यांना बाकी सगळं माफ केलं. ते तीन आठवडे माफ करायला मला फार वर्षं लागली.

मी तरी काय मोठी शहाणी होते! कपडे अंगावर लटकायला लागले तेव्हा मी वन्संनाच झापलं. म्हटलं, "हल्ली तुमचा हात सैल पडलाय हो. गणवेश बघा तिचा, पोतं घातल्यासारखा दिसतो." वन्सं खाली मान घालून म्हणाल्या, "हो गं, वय झालं." शेजारच्या बायका म्हणायच्या, "लेक छान सुटसुटीत झाली हो, काय करता?" आणि मी मेली खूश होऊन सांगायचे, "काही नाही हो, वाढीचं वय आहे, उंची घेतेय!" गल्लीतल्या बायका भरभरून तिची तारीफ करत होत्या आणि ती तारीफ पोर जेवणासारखी खात होती.

शाळेच्या जिन्यावर ती पडली. सकाळची वेळ. चक्कर आली आणि सात पायऱ्या खाली आली. हाताचं हाड मोडलं. हॉस्पिटलमध्ये परिचारिकेनं प्लास्टरसाठी तिचा गणवेश कापला आणि मी माझ्या पोरीला किती महिन्यांनी पहिल्यांदा नीट बघितलं. तेरा-चौदा वर्षांची पोर आईसमोर कपडे बदलत नाही, मीही कधी बघायला गेले नाही. मी तोंडात पदर कोंबला.

मनाच्या डॉक्टर म्हणून एक बाई आल्या. शांत, हळू बोलणाऱ्या. त्यांनी मला विचारलं, "मुलीचे कपडे एवढे सैल झाले, घरात कोणाच्या लक्षात आलं नाही?"

काय सांगू? घरात दोन मशीनं आणि दोन शिवणाऱ्या बाया. गावाचे कपडे आम्ही मापात बसवत होतो.

डॉक्टरबाईंनी सांगितलं की हा आजार आहे, हट्ट नाही. आरशात तिला आपल्याला दिसतं ते दिसत नाही. एका शब्दानं किंवा एका हसण्यानं असा आजार होत नसतो, बऱ्याच गोष्टी आत साचत जातात, तेव्हा स्वतःला किंवा एकमेकींना दोष देत बसू नका. खरं असेल त्यांचं. शिकलेल्या आहेत त्या. पण त्या हॉलमधलं हसू मी ऐकलंय, आणि त्यात माझा आवाज होता.

चौथ्या दिवशी गोटीनं दुधाचा पेला हातात घेतला. दोन घोट प्याली. आमचा जीव भांड्यात पडला. वन्सं पलंगाच्या पायाशी बसल्या होत्या. त्यांना वाटलं, आता सांगून टाकावं. खरं सांगितलं की पोरीच्या डोक्यातलं खूळ जाईल, तिला कळेल की उपाशी राहून काही झालं नव्हतं, ती सगळी आत्याची करामत होती. कोणाला न विचारता त्यांनी तोंड उघडलं.

"राजा, तो हिरवा फ्रॉक... सुरुवातीला मीच सैल करत होते गं. शिवण सोडत होते. तू जेवावंस म्हणून."

गोटीनं पेला धरलेला हात खाली घेतला. "किती सोडलीस?"

"दोन बोटं."

"एकीकडून?"

"दोन्हीकडून."

पोरीचे ओठ हलत होते, हिशेब करत होती. मग म्हणाली, "म्हणजे चार बोटं खोटी. म्हणजे मी अजून तेवढी जाडीच आहे."

तिचं मनगट तेव्हा माझ्या दोन बोटांत मावत होतं. वन्सं उठून तिच्याजवळ गेल्या, "नाही गं माझ्या राणी, तसं नाही..." तिनं पेला टेबलावर ठेवला. "तू मला फसवलंस आत्या. आता मला हात नाही लावायचा." आणि भिंतीकडे तोंड केलं.

तो पेला तिनं पुन्हा उचलला नाही. नळी घालावी लागली. जे दोन घोटांवर आलं होतं ते पाच महिने मागे गेलं. त्या पाच महिन्यांत दोनदा डॉक्टरांनी आम्हाला बाहेर बोलावून सांगितलं की हृदय थकलंय, तयारी ठेवा. मी हॉस्पिटलच्या जिन्यात वन्संना नाही नाही ते बोलले. "तुम्हाला स्वतःचं पोर असतं तर कळलं असतं," असंही बोलले. बोलल्यावर जीभ झडावी असं वाटलं. वन्संनी ऐकून घेतलं. एवढंच म्हणाल्या, "हो."

पोर वाचली. वाचली म्हणजे एका दिवसात नाही. एक घास, मग दोन घास, मग रडारड, मग पुन्हा एक घास, अशी तीन वर्षं. हाडं ठिसूळ झाली ती झालीच. डॉक्टरबाईंनी आम्हाला नियम घालून दिले. तिच्या दिसण्यावर बोलायचं नाही, चांगलंही नाही. जेवताना ताटाकडे बघायचं नाही. 'गोटी' हे नाव बंद. आम्ही सगळं पाळलं. माझ्यासारख्या बडबड्या बाईनं तोंडाला कुलूप लावलं म्हणजे विचार करा.

वन्संनी आणखी एक पाळलं, जे कोणी सांगितलं नव्हतं. त्यांनी टेप वापरायचा सोडला. गिऱ्हाईक आलं की कागदाची लांब कोरी पट्टी घ्यायच्या, अंगाला लावायच्या आणि कात्रीनं खूण पाडायच्या. खांद्याला एक खूण, छातीला दोन, कंबरेला तीन. पट्टीवर फक्त नाव. आकडा नाही, ओरडणं नाही. मापाची वही मी माळ्यावर टाकली. शाळेच्या मुली रांगेत उभ्या राहायच्या, वन्सं एकेकीला पडद्याआड घ्यायच्या आणि एक शब्द न बोलता बाहेर सोडायच्या. शाळेनं म्हटलं, फार वेळ लागतो. तर म्हणाल्या, "लागू दे."

लेक मोठी झाली, चष्म्याच्या दुकानात नोकरीला लागली, त्याच गावात दोन मैत्रिणींबरोबर खोली घेऊन राहायला लागली. घरी यायची, पण मागच्या दारानं. पुढच्या खोलीत तिनं पाऊल ठेवलं नाही. आत्याशी बोलायची, "बरी आहेस ना?" "हो, तू?" एवढंच. कपडे रेडिमेड घ्यायची, दोन नंबर मोठे. वन्सं तिला जाताना खिडकीतून बघायच्या. एकदा मला म्हणाल्या, "डावी बाही लांब आहे तिची. मी अर्ध्या तासात केली असती." मग मशीनवर जाऊन बसल्या.

दहा वर्षं अशी गेली. मग वन्संच्या पोटात गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, उशीर झाला. मूळची काठी बाई, ती आता दिवसागणिक आटत चालली. घास उतरेना. मशीन बंद झालं, पलंग आम्ही दुकानातच आणला, कारण त्यांना रस्ता दिसायला हवा होता. आणि मग लेक पुढच्या दारानं आली. आत्याच्या उशाशी बसली. रोज संध्याकाळी कामावरून सुटली की यायची. केस विंचरायची, गाऊन बदलायची. मला म्हणायची, "आई, तू जरा पड."

वन्संना एकच धास्ती होती. "बयो, मी फार उतरलेय का गं?" सारखं विचारायच्या. सासरच्या त्या घराचं भूत अजून त्यांच्या मानगुटीवर होतं. 'काठी' हा शब्द त्यांच्या कानातून गेलाच नव्हता. मी खोटं बोलायचे, पण मला खोटं जमत नाही. एक दिवस मात्र त्या स्वतःच म्हणाल्या, "गाऊन बघ, अजून अंगाला बरोबर बसतो. म्हणजे मी काही एवढी उतरले नाही." मी बघितलं. खरंच बरोबर बसला होता. मला कोडं पडलं. दर आठवड्याला बाई वितळत होती आणि गाऊन बरोबर बसत होता.

धुवायला घेतला तेव्हा उलटा केला. बगलेखाली दोन्हीकडून शिवण आत घेतलेली. वेडेवाकडे, लांब लांब टाके, हातचे. शिवण न येणाऱ्या माणसाचे. चार गाऊन होते, चारही तसेच.

मी लेकीला मोरीपाशी गाठलं. "तू केलंस?"

ती भांडं विसळत होती. म्हणाली, "तिला बरं वाटतं गं." थोड्या वेळानं म्हणाली, "तिनंपण माझ्यासाठी तेच केलं होतं. मला बरं वाटावं म्हणून. तिला दुसरं काही येत नव्हतं, आई. मलाही नाही येत." तिचे खांदे गदगदायला लागले. दहा वर्षांत मी तिला अशी रडताना पाहिली नव्हती. मी तिला जवळ घेतलं आणि दोघी मोरीशी बसून रडलो.

मी विचारलं, "आत्याला सांगितलंस? की आता राग नाही?"

"सांगीन," म्हणाली. "रविवारी सुट्टी आहे, निवांत बसून सांगीन."

वन्सं शनिवारी दुपारी गेल्या. मी एकटीच होते जवळ. लेक धावत आली तोवर हात गार पडले होते. ती पलंगाशी उभी राहून एकच म्हणत होती, "मी सांगणार होते. आई, मी उद्या सांगणार होते." तिला कसं आवरावं मला कळेना.

अंगावरचा गाऊन मी उतरवला. घडी घालताना सवयीनं शिवणीवरून बोट फिरवलं आणि थांबले. लेकीच्या त्या वाकड्या टाक्यांच्या शेवटी, जिथे तिला गाठ मारता येत नव्हती म्हणून दोरा मोकळा सुटलेला असायचा, तिथे एक गाठ होती. बारीक, घट्ट, कापडाच्या आत लपवलेली. अशी गाठ मारणारा हात मी तीस वर्षं बघितला होता. बाकीचे तीन गाऊन काढले. प्रत्येकाच्या दोन्ही शिवणींच्या टोकाला तीच गाठ. उशीखाली सुई सापडली, तिच्या नाकात वीतभर दोरा.

म्हणजे बाईला ठाऊक होतं. पहिल्या दिवसापासून ठाऊक असणार, ते टाके त्यांच्या बोटांना कळले नाहीत असं होणंच शक्य नाही. आपण किती उतरलोय तेही ठाऊक होतं. बोलल्या नाहीत. आम्ही दोघी खोलीत नसताना, पोरीनं घातलेली शिवण उसवू नये म्हणून तेवढी गाठ मारून ठेवली.

मी गाऊन लेकीसमोर धरला आणि तिचं बोट धरून त्या गाठीवर ठेवलं. ती बराच वेळ चाचपत राहिली. मग गाऊन छातीशी धरून जमिनीवर बसली.

संध्याकाळी सगळे गेल्यावर मी दोन ताटं वाढली आणि तिथेच, दुकानात, कापायच्या टेबलावर ठेवली. ती येऊन समोर बसली. मी रस्त्याकडे तोंड करून जेवले. तिच्या ताटाकडे बघितलं नाही. चमचा वाजत होता तेवढा ऐकला.